टीईटी : मराठीच्या उताऱ्यात मराठीच्याच बाई नापास

ओसरी | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसती वाचून जाते. आज लिहायला बसले, कारण घरात सांगायची लाज वाटतेय.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००२ पासून आहे. शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजारांवर लागले, तीन वर्षांनी कायम झाले. आता वय ४६. जत तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, म्हणजे एकेकाकडे दोन-दोन वर्ग. निम्म्या लेकरांच्या घरी कन्नड बोलतात.

१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो तुम्हाला माहीत असेलच. ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं, नाहीतर सक्तीची निवृत्ती. माझी बारा वर्षं उरलीत. आमचे हेडगुरुजी ५५ चे, त्यांना फक्त बढती हवी असेल तरच टीईटी. ते रोज परिपाठानंतर विचारतात, "काय बाई, झाला का अभ्यास?" मी हसून वेळ मारून नेते.

फॉर्म भरलाय, २३ नोव्हेंबरला पेपर. काल घड्याळ लावून पहिला सराव पेपर सोडवला. बालमानसशास्त्र १७, गणित २१, परिसर अभ्यास २०, इंग्रजी १२ आणि मराठी १५. एकूण ८५. मी खुल्या प्रवर्गातली, मला ९० लागतात.

मराठीत तीसपैकी पंधरा! तेवीस वर्षं मराठी शिकवते मी. व्याकरणात वगैरे नऊ गेले, पण जास्त जिव्हारी लागले ते उतारे. नऊ प्रश्नांतले सहा चुकले. आणि गंमत म्हणजे उतारा मला समजला होता, अगदी नीट समजला होता.

क्लासला तालुक्याला जाणं जमत नाही. मोबाइलवरचे सर फार ओरडतात. उतारा वाचायचा कसा, एवढंच कुणीतरी सांगा.

---

गणितवाला | ५ ऑक्टोबर, रात्री ११.१५

बाई, मी २०२४ ला पास झालो, पेपर एक. भाषेत मीही यथातथाच, पण दोन गोष्टी सांगतो.

१५० प्रश्न, १५० मिनिटं. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे उत्तरपत्रिकेतला एकही गोळा रिकामा सोडायचा नाही. आणि गोळे शेवटी एकदम भरायला ठेवू नका. माझ्या शेजारच्यानं ठेवले होते, मधला एक प्रश्न सोडला होता हे विसरला, पुढची अख्खी रांग एकानं सरकली. बॉलपेननं भरलेला गोळा खोडता येत नाही. पान संपलं की त्या पानाचे गोळे भरून मोकळं व्हायचं.

उताऱ्याचं म्हणाल तर मी आधी प्रश्न वाचतो, मग उतारा.

---

वेलांटी | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

मी शिक्षिका नाही, मुद्रितशोधक आहे. लोकांनी लिहिलेलं पुन्हापुन्हा वाचणं हाच माझा धंदा. ओसरीताई, "समजला होता" या शब्दातच मला गोम दिसतेय. एक छोटा उतारा मीच लिहून देते. सोडवून दाखवाल का?

*"उंबराला फूल दिसत नाही, म्हणून क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. प्रत्यक्षात फुलं असतात. आपण ज्याला फळ समजतो त्या गोळ्याच्या आत ती दाटीनं बसलेली असतात. गोळ्याच्या टोकाला बारीक छिद्र असतं. त्यातून चिलटाएवढे कीटक आत शिरतात आणि परागीभवन होतं. पिकलेलं उंबर फोडलं की आत किडे दिसतात, ते यामुळेच."*

या उताऱ्याच्या आधारे कोणतं विधान करता येईल?
(१) उंबराचं झाड पवित्र मानलं जातं.
(२) उंबराला फूल नसतं हा समज वरवर पाहण्यातून झाला आहे.
(३) किड्यांमुळे उंबराच्या झाडाचं नुकसान होतं.
(४) उंबरं खाण्याजोगी नसतात.

---

ओसरी | ६ ऑक्टोबर, दुपारी १.५०

मधल्या सुट्टीत खिचडीचं वाटप झाल्यावर सोडवला. पर्याय १. आमच्या शाळेमागंच औदुंबर आहे, दर गुरुवारी बायका दिवा लावतात.

---

वेलांटी | ६ ऑक्टोबर, दुपारी २.२०

आता बोट ठेवून दाखवा, उताऱ्यात "पवित्र" कुठं आहे?

---

ओसरी | ६ ऑक्टोबर, दुपारी २.३१

अगं बाई. नाहीच की.

---

वेलांटी | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४५

बघा. पर्याय १ खरा आहे, पण तो जगात खरा आहे, उताऱ्यात नाही. तुम्ही उंबर वाचलात आणि शाळेमागचं झाड आठवलंत. वर्गात हेच करायचं असतं. धड्यात नदी आली की मुलांना गावचा ओढा दाखवायचा. तेवीस वर्षं तुम्ही उताऱ्यात भर घालायचं काम केलंत, आणि परीक्षा म्हणते, भर घालू नका. म्हणून तर शिकवणाऱ्यांचं इथं जास्त चुकतं. ज्याला विषयाची काही माहितीच नाही तो बिचारा उताऱ्याला धरून राहतो.

चुकीचे पर्याय रचणारे बहुधा तीन वाटा वापरतात. एक, जगात खरं पण उताऱ्यात नसलेलं. दोन, उताऱ्यातलेच शब्द उचलून उलटा अर्थ लावलेलं (वरचा पर्याय ३ पाहा, किडे उताऱ्यात आहेत, नुकसान नाही). तीन, "नेहमीच", "फक्त", "सर्व" असा एखादा शब्द घुसवून फुगवलेलं. प्रत्येक उत्तराला उताऱ्यातली ओळ पेन्सिलीनं अधोरेखित करायची सवय लावा. ओळ सापडली नाही तर ते तुमचं उत्तर आहे, उताऱ्याचं नव्हे.

गणितवाला यांच्या "आधी प्रश्न" पद्धतीबद्दल माझं मत वेगळं आहे. माहितीच्या प्रश्नाला ती चालते. पण शीर्षक द्या, लेखकाचा सूर ओळखा, मध्यवर्ती कल्पना सांगा, असे प्रश्न आले की प्रश्न मनात ठेवून वाचणारा माणूस उताऱ्यात तुकडेच शोधत बसतो. कवितेला तर ती पद्धत मुळीच वापरू नये.

---

बिनपगारी | ६ ऑक्टोबर, रात्री ९.३०

वाचून बरं वाटलं, म्हणजे वाईटही वाटलं.

१५ डिसेंबर २०१३ ला राज्यातली पहिली टीईटी झाली, त्यात मी पास. डी.एड. त्याआधीच झालेलं. प्रमाणपत्र सात वर्षांपुरतं होतं, म्हणजे नोकरी न लागता ते बाद व्हायची वेळ आली. मग २०२१ मध्ये केंद्रानं ते तहहयात केलं. मधल्या काळात भरतीसाठी वेगळी अभियोग्यता चाचणी काढली, २०१७ ला एकदा घेतली, पुढची थेट २०२३ ला. शिक्षकभरतीच्या 'पवित्र' पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून बोटं झिजली. आज मी एका खासगी शिकवणीत टीईटीच्याच पोरांना इंग्रजी शिकवतो, तासावर.

ओसरीताई, तुमच्यावर राग नाही. पण "बिचाऱ्या कायम शिक्षकांना परीक्षा" असा सूर कुणी लावला की आत काहीतरी हलतं. तुम्हाला पगार घेत दोन वर्षं मिळाली आहेत. आम्ही बारा वर्षं पास होऊन बसलोय.

---

ओसरी | ६ ऑक्टोबर, रात्री १०.१०

दादा, खरं आहे तुमचं. मी त्यावर काय बोलू? मी लागले तेव्हा टीईटी नव्हतीच, तुम्ही लागायच्या वेळी फक्त टीईटीच होती. एवढंच सांगते की मला परीक्षेचा राग नाही. मला पंधराचा राग आहे.

---

खडूची_धूळ | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ८.००

बिनपगारी सर, हा राग शासनावर काढा, बाईंवर नको. वर्षानुवर्षं भरती कुणी अडवली?

बाकी विषयावर येतो. मी उच्च प्राथमिकचा, मलाही पेपर दोन द्यायचाय, वय ४९. भाषेच्या भागात उतारे-व्याकरणाबरोबर अध्यापनशास्त्राचेही प्रश्न असतात आणि तिथंही अनुभव आडवा येतो. "वाचताना विद्यार्थी चुकीचा शब्द उच्चारतो, पण वाक्याचा अर्थ बरोबर सांगतो, तर शिक्षक काय करील?" वर्गात आपण पटकन दुरुस्त करतो आणि पुढं जातो. पेपरात बरोबर उत्तर असं की अर्थाला महत्त्व द्यावं, लगेच टोकू नये. घरची भाषा वर्गात आली तर? ती अडचण नसून शिकण्याचं साधन आहे. शुद्धलेखनाची चूक? शिक्षा नाही, चूक हा मूल कुठवर आलंय याचा पुरावा.

मी एक युक्ती केलीय. पेपरातला शिक्षक हा माझा एक लांबचा नातेवाईक आहे असं समजतो. तो कधी दमत नाही, त्याच्या वर्गात पंचवीसच मुलं असतात, त्याला मतदारयाद्यांचं काम नसतं, ऑनलाइन माहिती भरायची नसते, आणि त्याचा आवाज कधी चढत नाही. "तो काय करील?" असं विचारलं की उत्तर येतं.

(अवांतर : महिनाभर असं विचारल्यावर परवा वर्गात एका पोराला टोकायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं पुढच्या ओळीत स्वतःच दुरुस्त केलं.)

---

ओसरी | ७ ऑक्टोबर, रात्री ९.२०

घरच्या भाषेचं वाचून हसू आलं. माझी पहिलीतली पोरं "नीरु" म्हणतात पाण्याला. मी पण म्हणते.

वेलांटीताई, शुद्धलेखनाचं काही सांगाल का? "पुढीलपैकी शुद्ध शब्द कोणता" यात चारही शब्द मला शुद्ध दिसतात.

---

वेलांटी | ८ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

हा माझा आवडता विषय, त्यामुळे लांबेल.

आपले आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ साली चौदा, १९७२ साली आणखी चार, एकूण अठरा. सगळे पाठ करायची गरज नाही, पेपरवाले फिरून फिरून तीन-चार जागीच येतात.

शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ : कवी, गुरू, मती, पाटी, वाळू. अपवाद म्हणून *आणि*, *नि* ऱ्हस्व. इथवर सगळ्यांना येतं. गोची होते ती समासात. मूळ संस्कृतात ऱ्हस्व असलेला शब्द समासात आधी आला की पुन्हा ऱ्हस्व होतो : कविराज, गुरुदक्षिणा, बुद्धिवैभव. मुळातच दीर्घ असेल तर दीर्घच राहतो : नदीतीर, लक्ष्मीपुत्र. आणि मंत्री, प्राणी, विद्यार्थी हे शब्द मूळचे "-इन्" शेवटाचे, म्हणून मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, विद्यार्थिगृह. सहलीच्या परवानगी अर्जात "प्राणीसंग्रहालय" लिहिलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता ते मलाही शुद्ध वाटायला लागलंय.

दुसरी जागा उपान्त्य अक्षराची, म्हणजे शेवटून दुसऱ्या. मराठी शब्दात प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं : फूल-फुलाला, मूल-मुलाला, बहीण-बहिणीला, वीट-विटा. पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द हलत नाही : शरीर-शरीराला, रूप-रूपाला. म्हणून मूल-मुलांचे आणि मूल्य-मूल्यांचे एका ओळीत देतात आणि आपण गडबडतो.

तिसरी, इक-प्रत्ययाची. इक लागला की पहिला स्वर वाढतो : समाज-सामाजिक, इतिहास-ऐतिहासिक, भूगोल-भौगोलिक. *इक* मधली इ कायम ऱ्हस्व.

प्रयोग ओळखायला पाठांतर नको, वाक्य हलवून बघा. "सुनीताने पोळी लाटली." सुनीताच्या जागी सुरेश घाला, क्रियापद तसंच राहिलं. पोळीच्या जागी पापड घाला, "लाटला" झालं. कर्माबरोबर हललं, म्हणजे कर्मणी. "सुनीताने मुलीला हाक मारली" यात फसू नका, इथं कर्म *हाक* आहे. "सुनीताने मुलीला उठवले" इथं मुलगी घाला की मुलगा, *उठवले* ढिम्म. हा भावे.

टोपणनावांचे प्रश्न मला व्यक्तिशः फालतू वाटतात, पण तयारी ठेवावी. केशवसुत म्हणजे दामले आणि केशवकुमार म्हणजे अत्रे, इथं बरेच जण पडतात. गोविंदाग्रज, कुसुमाग्रज यांत "अग्रज" म्हणजे थोरला भाऊ. गोविंदाचा थोरला भाऊ गडकरी, कुसुमचा थोरला भाऊ शिरवाडकर. एवढं कळलं की विसरत नाही.

---

बिनपगारी | ८ ऑक्टोबर, रात्री १०.४५

इंग्रजीचं मी सांगतो. परवाचं मनावर घेऊ नका.

बारा पडलेत म्हणजे पाया आहे. मराठी माध्यमातून आलेले आपण सगळे एकाच जागी पडतो, मराठीतून विचार करून शब्द लावतो. "विषयाबद्दल चर्चा केली" म्हणून *डिस्कस* पुढं *अबाउट* टाकतो, तो लागत नाही. "परत आला" म्हणून *रिटर्न* पुढं *बॅक* टाकतो, तोही नको. "त्याच्याशी लग्न" म्हणून *मॅरीड विथ*, हवं *मॅरीड टू*. *सिन्स* आणि *फॉर* : क्षण किंवा तारीख असेल तर *सिन्स*, लांबी असेल तर *फॉर*. २००२ पासून म्हणजे *सिन्स*, तेवीस वर्षं म्हणजे *फॉर*.

उताऱ्यातल्या शब्दार्थाच्या प्रश्नाला शब्द माहीत नसला तरी थांबू नका. चारही पर्याय त्या वाक्यात घालून वाचा. दोन तर लगेच गळतात.

रोज एक उतारा. जास्त नको. पण रोज.

---

दूरदेशी | ११ ऑक्टोबर, रात्री २.१५ (तुमच्याकडची)

मी बॉस्टनजवळ राहते. इथं मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी शाळेत शिक्षकाचा परवाना हवा तर एमटेल नावाची परीक्षा असते, १९९८ पासून. त्यात विषयाच्या पेपरांबरोबर संवाद आणि साक्षरता कौशल्यांचा वेगळा पेपर असतो, त्याचे दोन भाग : वाचन आणि लेखन. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, प्रत्येकी २४०. पुण्यातली एम.एस्सी. घेऊन मी आले होते, वाटलं होतं भाषेचा पेपर म्हणजे किरकोळ.

वाचनात पहिल्या फटक्यात पास. लेखनात आपटले. तिथं नुसते गोळे नसतात, एक उतारा देतात आणि स्वतःच्या शब्दांत त्याचा सारांश लिहायला लावतात, शिवाय एक निबंध. मी सारांशात माझी मतं घातली होती. वेलांटी म्हणतात तोच रोग, "भर घालणे".

पुढच्या वेळेच्या तयारीत मी एकच केलं. रोज वर्तमानपत्रातला एक लेख वाचायचा, तो पालथा ठेवायचा आणि दोन वाक्यांत लिहायचा. मग उलटा करून ताडून बघायचं, माझं काय आत शिरलं आणि त्यांचं काय बाहेर राहिलं. ओसरीताई, तुमच्या परीक्षेत लेखन नाही, पण वाचन सुधारायला मला याच लेखनानं मदत केली.

---

खडूची_धूळ | ११ ऑक्टोबर, सकाळी ९.००

आमच्याकडं शिक्षकांना सारांश लिहायला लावला तर अर्धी स्टाफरूम रजेवर जाईल. मी धरून.

---

ओसरी | २ नोव्हेंबर, रात्री ९.५०

दिवाळीची सुट्टी संपत आली. रोज दोन वाक्यं चालू आहे. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. संपादकीय वाचायचं, पालथं घालायचं आणि लिहायला बसलं की माझंच भाषण सुरू व्हायचं. शेतकऱ्यांवरचा लेख असला तर मी माझ्या भावाची द्राक्षबाग लिहून मोकळी.

कालचा सराव पेपर : मराठी २३, इंग्रजी १७. एकूण १०१. उताऱ्यात नऊपैकी सात. चुकलेले दोन्ही कवितेवरचे.

---

वेलांटी | २ नोव्हेंबर, रात्री १०.०५

कविता दोनदा वाचा. पहिल्यांदा ओठ हलवून, दुसऱ्यांदा बोलतंय कोण आणि कुणाशी, एवढंच बघत. कवीच बोलतोय असं धरून चालू नका.

---

ओसरी | २३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

झाला पेपर. प्रश्न इथं टाकत नाही, उत्तरसूची येऊ दे, मग चिरफाड करू. वाईट गेला नाही एवढं सांगते.

केंद्रावर माझ्या पुढच्या बाकावर माझ्यापेक्षा मोठ्या एक बाई होत्या, चष्मा घरी राहिलेला. पर्यवेक्षकांनी कुणाचातरी मिळवून दिला. तो त्यांना लागत नव्हता, तरी तो घालूनच त्यांनी अडीच तास काढले. मागच्या रांगेत माझ्याच शाळेतली, माझ्या पहिल्या तुकडीतली पोरगी. तिनं मला पाहिलं आणि आधी उभीच राहिली, सवयीनं. मग आम्ही दोघीही लाजलो.

दूरदेशीताई, तुमचं दोन वाक्यांचं मी चौथीला लावलंय. वेलांटीताईंचा उंबराचा उतारा फळ्यावर लिहिला, वाचून घेतला आणि पुसला. म्हटलं, लिहा आता. एकानं अर्धं पान भरलं, त्यात दत्ताचं देऊळ आलं, आजी आली (माझाच विद्यार्थी). घरी कन्नड बोलणाऱ्या एका पोरीनं एवढंच लिहिलं : "फुल आत आहे. आपन बाहेरून बघतो." *फूल* ची वेलांटी आणि *आपण* चा ण चुकला. मी टोकलं नाही.

---

गणितवाला | २३ नोव्हेंबर, रात्री ८.४१

वेलांटी नाही, उकार चुकला बाई. :) आणि गोळे भरले ना सगळे?

---

ओसरी | २३ नोव्हेंबर, रात्री ८.४४

उकारच तो. दमलेय हो. गोळे दीडशेच्या दीडशे भरले. इंग्रजीच्या पानावर एक प्रश्न वगळून पुढं गेले होते, पण पानाला पान लावून भरत होते म्हणून तिथंच लक्षात आलं.